अंतःकरणातील नमाज: मोरिस्कोंची कहाणी

१/ २ जानेवारी १४९२. ग्रॅनडाचा अखेरचा सुलतान अबू अब्दुल्लाह मुहम्मद याने अल्हम्ब्रा राजवाडा फर्डिनांड व इसाबेला यांच्या स्वाधीन केला. स्पेनमधील जवळजवळ आठ शतकांची मुस्लिम सत्ता संपली. तहात मात्र अभिवचन होते की, मुसलमानांचा धर्म, मशिदी आणि कायदा अबाधित राहतील.

२/ ते वचन दहा वर्षेही टिकले नाही. १४९९ मध्ये आर्चबिशप सिस्नेरोसने ग्रॅनडात सामूहिक बाप्तिस्मे सुरू केले. अरबी ग्रंथांची होळी झाली, बंड उसळले आणि बंडाचे निमित्त करून तह मोडला गेला. १५०२ मध्ये कॅस्टीलमधील मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. १५२६ पर्यंत आरागॉनच्या राज्यांतही तेच घडले. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या या लोकांना ‘मोरिस्को’ म्हणत.

३/ आता प्रश्न होता श्रद्धेचा. उघड आचार अशक्य असता मनुष्य मुसलमान राहू शकतो काय? फेजचे विद्वान अल-वन्शरीसी यांच्या मते अशा भूमीतून स्थलांतर करणे हेच कर्तव्य होते. परंतु ज्यांना जाणे शक्य नव्हते, त्यांचे काय?

४/ १५०४ मध्ये अल-वहरानी या मुफ्तींनी त्यांना उत्तर धाडले. नमाज खुणेने अदा करा. दिवसा जमली नाही तर रात्री करा. पाणी वापरता येत नसेल तर भिंतीला हात लावून शुद्ध व्हा. मद्य पाजले गेले तर मनाने ते नाकारा. सक्तीखाली असलेल्याच्या अंतःकरणातील श्रद्धा ग्राह्य मानणाऱ्या कुराणातील तत्त्वाशी हे सुसंगत होते. आचार हिरावला गेला, तरी ‘नीयत’ हिरावता येत नाही, हा त्याचा गाभा.

५/ इन्क्विझिशनच्या दृष्टीने मात्र डुकराचे मांस टाळणे, रमजानचा उपवास, एवढेच काय, शुक्रवारी स्वच्छ वस्त्रे नेसणेही संशयास्पद होते. अनेक ठिकाणी अरबी भाषा विस्मरणात गेली. तेव्हा मोरिस्कोंनी धर्मग्रंथ स्पॅनिश भाषेत, पण अरबी लिपीत लिहिले. हेच ‘अल्हामियादो’ वाङ्मय.

६/ १५६७ च्या फर्मानाने अरबी भाषा, वेष आणि स्नानगृहे यांवर बंदी आली. अल्पुहारासच्या डोंगरात १५६८ ते १५७१ असे रक्तरंजित बंड झाले. अखेर १६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख मोरिस्कोंना हद्दपार करण्यात आले. त्यांत मनापासून ख्रिस्ती झालेलेही अनेक होते. राज्याला त्यांच्या अंतःकरणाचा निवाडा करता आला नाही, म्हणून त्याने सरसकट सर्वांनाच दोषी ठरवले.

७/ १८८४ मध्ये आरागॉनमधील अल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी एक जुने घर पाडताना खोट्या तळजमिनीखाली हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. घर सोडण्यापूर्वी कोणीतरी ते ग्रंथ जपून ठेवले होते. सुमारे पावणेतीनशे वर्षे ते तेथेच वाट पाहत पडून होते.