बहात्तरला पोटात असलेली लेकरं



१९७२ चा दुष्काळ घरोघरच्या म्हाताऱ्या अजून सांगतात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. नांदेड-लातूरकडच्या बाया, गरोदरसुद्धा, दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. रेशनचा मिलो आणि सुकडी यांवर दिवस काढायच्या. तेव्हा पोटात असलेली लेकरं आज पन्नाशीपुढं गेलीत.

पोटातली उपासमार पुढं बाधते का? हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या वेळी गर्भात असलेल्यांमध्ये पन्नाशीला रक्तातली साखर जास्त आढळली. आपल्याकडं १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाला कमी, हातपाय बारीक, पण कातडीखाली चरबी टिकलेली. उपाशी गर्भ आधी मेंदू जपतो. स्नायू आणि स्वादुपिंड मागं पडतात. मोठेपणी खाणं वाढलं की अशा शरीराला साखर पेलत नाही. पालेभाजी, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं मात्र वजनदार निघाली.

म्हणून बहात्तर-त्र्याहत्तरला जन्मलेल्यांनो, अंगानं बारीक असलात तरी साखर तपासून घ्या. आणि सासूबाई, बाळंतपण सोपं जावं म्हणून सुनेचं ताट कमी करू नका. तिला आधी वाढा.