लालबाग पुष्पप्रदर्शन

हा लेख बंगळूर येथील लालबाग वनस्पती उद्यानातील प्रदर्शनाविषयी आहे. मुंबईतील गिरणगावाचा भाग असलेल्या लालबागशी याचा संबंध नाही.

लालबाग पुष्पप्रदर्शन हे कर्नाटकाची राजधानी बंगळूर येथील लालबाग या सरकारी वनस्पती उद्यानात वर्षातून दोनदा भरणारे फुलांचे, फळांचे व शोभिवंत वनस्पतींचे प्रदर्शन आहे. ते प्रजासत्ताक दिन (२६ जानेवारी) आणि स्वातंत्र्य दिन (१५ ऑगस्ट) यांच्या निमित्ताने भरते व साधारणपणे दहा ते बारा दिवस चालते. कर्नाटक शासनाचे उद्यानविद्या खाते आणि म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी ही संस्था त्याचे संयुक्तपणे आयोजन करतात. कन्नडमध्ये या प्रदर्शनास 'फलपुष्प प्रदर्शन' म्हणतात. नवी फळझाडे, भाजीपाला व फुलझाडे लोकांसमोर आणणे हा जो त्याचा मूळ हेतू होता, तो या नावात टिकून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भरलेले प्रदर्शन हे या मालिकेतील २१८वे होते.

पार्श्वभूमी

लालबागेची उभारणी हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केली. त्याचा मुलगा टिपू सुलतान याने परदेशांतून बी-बियाणे व रोपे मागवून बागेत भर घातली. १७९९ मध्ये टिपूच्या मृत्यूनंतर बाग ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा देण्यात आला आणि त्यानंतर लंडनजवळील क्यू येथील उद्यानात प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ तिच्या व्यवस्थापनासाठी येऊ लागले. आज बागेचे क्षेत्रफळ सुमारे २४० एकर आहे. बागेत एक मोठा तलाव असून सुमारे ३०० कोटी वर्षे जुना मानला जाणारा खडकही आहे. हा खडक राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून घोषित झालेला आहे. खडकाच्या माथ्यावर केंपेगौडा यांच्या नावाने ओळखला जाणारा मनोरा उभा आहे.

एकोणिसाव्या शतकात बागेचे मुख्य काम आर्थिक उपयोगाच्या वनस्पती आणून त्या स्थानिक हवामानात रुजतात का हे पाहणे, हे होते. १८७४ ते १९०८ या काळात अधीक्षक असलेल्या जॉन कॅमेरॉन यांनी अनेक परदेशी वनस्पती येथे आणल्या. बंगळूर परिसरात 'सीमे बदनेकाई' (शब्दशः 'परदेशी वांगे') या नावाने घरोघरी खाल्ली जाणारी चायोट ही वेलभाजी त्यांच्याच काळात लालबागेमार्फत रुजली. अशा वनस्पती शेतकऱ्यांना व बागकामाची आवड असणाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवण्याचे साधन म्हणजे प्रदर्शने होत.

काचघर

प्रदर्शनाचे केंद्रस्थान असलेल्या काचघराची कोनशिला ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राणी व्हिक्टोरियाचा नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते बसवण्यात आली. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसपासून या वास्तूची प्रेरणा घेतली गेली. तिचे ओतीव लोखंडाचे भाग ग्लासगो येथील सॅरासेन फाउंड्रीत तयार झाले होते. १९३५ मध्ये काचघराचा विस्तार करण्यात आला, तेव्हा मात्र भद्रावती येथील कारखान्याचे पोलाद वापरले गेले. काचघर बांधले जाण्यापूर्वी बागेतील प्रदर्शने वाद्यवृंद मंडपात भरत असत.

काचेच्या छपरामुळे आत भरपूर परंतु सौम्य उजेड मिळतो आणि ऑगस्टमधील पावसापासून फुलांचे रक्षण होते. त्यामुळे एकाच वास्तूत हिवाळ्यातील व पावसाळ्यातील अशी दोन्ही प्रदर्शने भरवणे शक्य झाले.

आयोजन व स्वरूप

१९०८ ते १९३२ या काळात बागेची धुरा जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह हेरमान क्रुम्बीगल यांच्याकडे होती. त्यांच्या कारकिर्दीत, १९१२ मध्ये, म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटीची स्थापना झाली. सरकारी खात्याबरोबर हौशी बागकाम करणाऱ्या नागरिकांची संस्था आयोजक असणे, हे या प्रदर्शनाचे वैशिष्ट्य तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. क्रुम्बीगल यांच्यानंतर एच. सी. जवराय आणि स्वातंत्र्योत्तर काळात एम. एच. मरीगौडा यांनी बागेचा व राज्यातील उद्यानविद्येचा विस्तार केला.

प्रदर्शनाची तयारी काही महिने आधी सुरू होते. पिटुनिया, साल्व्हिया, झेंडू यांसारख्या हंगामी फुलझाडांना पेरणीपासून फुलोरा येईपर्यंत साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे नेमक्या तारखेला बहर यावा, अशा बेताने रोपवाटिकेत पेरणी करावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे बंगळूरचे हवामान सौम्य असते व जानेवारीत थंड हवेतील फुलझाडे येथे चांगली वाढतात. ऑगस्टमध्ये ढगाळ हवा व ओलावा यांमुळे हेच काम अधिक अवघड असते. थंड हवेच्या ठिकाणी वाढणारी काही फुलझाडे नंदी टेकडी व उटी येथून आणली जातात.

काचघराच्या मध्यभागी दरवेळी एक भव्य पुष्परचना उभारली जाते. लोखंडी सांगाड्यावर पाणी धरून ठेवणारा स्पंज बसवून त्यात गुलाब, शेवंती इत्यादींची लाखो फुले एकेक करून खोचली जातात. खुडलेली फुले काही दिवसांतच कोमेजतात. त्यामुळे प्रदर्शन सुरू असतानाच ती बदलावी लागतात. रचनेभोवती ऑर्किड, अँथुरियम, बेगोनिया व इतर कुंडीतील झाडे मांडली जातात.

विषय

अलीकडच्या काळात प्रत्येक प्रदर्शनासाठी एखादी व्यक्ती, वास्तू किंवा विषय निवडला जातो. काही विषय पुढीलप्रमाणे होते :

- जानेवारी २०१९ : महात्मा गांधी
- ऑगस्ट २०१९ : म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार
- जानेवारी २०२० : स्वामी विवेकानंद
- ऑगस्ट २०२२ : अभिनेते राजकुमार व पुनीत राजकुमार
- ऑगस्ट २०२३ : केंगल हनुमंतय्या व विधानसौध
- जानेवारी २०२४ : बसवण्णा व वचनसाहित्य
- ऑगस्ट २०२४ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर
- जानेवारी २०२५ : महर्षी वाल्मीकी
- ऑगस्ट २०२५ : कित्तूरची राणी चेन्नम्मा व संगोळ्ळी रायण्णा

कोविड-१९ साथीमुळे जानेवारी २०२० नंतर ऑगस्ट २०२२ पर्यंत प्रदर्शन भरले नाही.

लोकसहभाग

प्रदर्शनाच्या निमित्ताने शहरातील घरगुती बागा, परसबागा, गच्चीवरील बागा तसेच शासकीय व खासगी संस्थांच्या बागा यांच्या स्पर्धा घेतल्या जातात. बागेत इकेबाना ही जपानी पुष्परचना, बोन्साय, भाज्यांवरील कोरीवकाम व सुकवलेल्या फुलांची कला यांच्याही स्पर्धा होतात. गणवेशातील शालेय विद्यार्थ्यांना शाळेच्या दिवशी प्रवेशशुल्कात सूट दिली जाते. त्यामुळे शाळांच्या सहली हा प्रदर्शनाचा नेहमीचा भाग आहे. रोपवाटिका बी-बियाणे, रोपे, खते व अवजारे यांची विक्री करतात आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही येथे जागा मिळते.

इतर हंगामी आकर्षणे

उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुमारास, लालबागेत आंबा व फणस यांचा मेळा भरतो. कोलार, रामनगर, चिक्कबळ्ळापूर इत्यादी भागांतील बागायतदार आपला माल मध्यस्थांविना थेट ग्राहकांना विकतात आणि रसायनांचा वापर न करता पिकवलेला आंबा हे मेळ्याचे मुख्य आकर्षण असते. रसपुरी, सेंदूरा, मल्लिका, तोतापुरी, बंगनपल्ली यांबरोबर 'बदामी' नावाचा आंबा येथे मोठ्या प्रमाणावर येतो. महाराष्ट्रात व गोव्यात हापूस म्हणून ओळखली जाणारी जात ती हीच. दक्षिण कर्नाटकातील आंबा कोकणातील आंब्यापेक्षा उशिरा तयार होत असल्याने, कोकणचा हंगाम सरत असताना हा मेळा रंगात येतो.

बागेतील वृक्षांचा बहरही ऋतुमानानुसार बदलतो. हिवाळ्याच्या अखेरीस गुलाबी व पिवळा टॅबेबुया, त्यापाठोपाठ नीलमोहर आणि एप्रिल-मे महिन्यांत गुलमोहर फुलतो. खोडालाच फुले धरणारा कैलासपती (कन्नडमध्ये नागलिंग) हेही बागेचे आकर्षण आहे. एका वृक्षाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी क्रमवार लागवड बंगळूरच्या रस्त्यांवर करण्याचे श्रेय क्रुम्बीगल यांना दिले जाते. हा बहर पाहण्यासाठी मंडप, विषय किंवा विशेष तिकीट लागत नाही. रोज सकाळी फिरायला येणारे नागरिक त्याचे नित्याचे प्रेक्षक आहेत.

परिणाम व टीका

प्रदर्शनास लाखो लोक येत असल्याने बागेवर व परिसरातील रस्त्यांवर मोठा ताण पडतो. हिरवळ तुडवली जाणे, कचरा साठणे व वाहतूक कोंडी या तक्रारी वारंवार होतात. त्यावर उपाय म्हणून एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी घालण्यात आली, वाहनतळाची सोय शांतीनगर बस स्थानकासारख्या बागेबाहेरील ठिकाणी करण्यात आली आणि अभ्यागतांनी सार्वजनिक वाहतुकीने यावे असे आवाहन केले जाते. २०१७ मध्ये लालबाग मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून हे सोपे झाले आहे.

दुसरा आक्षेप स्वरूपाविषयी आहे. खुडलेल्या फुलांच्या प्रतिकृतींना प्राधान्य मिळाल्याने वनस्पतींची ओळख करून देण्याचा मूळ उद्देश मागे पडतो, असे टीकाकार म्हणतात. याउलट, एरवी वनस्पती उद्यानात न येणारा वर्ग या विषयांमुळेच बागेत येतो आणि फुलशेती करणाऱ्यांना बाजारपेठ मिळते, असे समर्थक सांगतात.

बागेच्या जमिनीचा प्रश्नही लोकांच्या या जवळिकीशी जोडलेला आहे. २००९ मध्ये मेट्रो मार्गासाठी बागेच्या कुंपणभिंतीचा काही भाग व काही झाडे काढण्यात आली, तेव्हा शहरात निदर्शने झाली. २०२५ मध्ये प्रस्तावित भुयारी रस्त्यासाठी लालबागेतील काही जागा वापरण्याच्या आराखड्यासही नागरिकांनी विरोध केला. या आंदोलनांत रोज फिरायला येणाऱ्यांचा व बागप्रेमी नागरिकांचा सहभाग होता.

महाराष्ट्रातील तत्सम प्रदर्शने

महाराष्ट्रात पुण्यातील एम्प्रेस गार्डन व मुंबईतील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान (राणीची बाग) येथे हिवाळ्यात पुष्पप्रदर्शने भरतात. लालबागेप्रमाणे वर्षातून दोनदा, त्यातही पावसाळ्यात, मोठे प्रदर्शन भरवण्याची प्रथा तेथे नाही.