रुमालाखालचा भाव

घासाघीस हा शब्द आपण उगाच हलका मानतो. दोन रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारा मनुष्य त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभा राहतो. वास्तविक वाजवी भाव ठरवावयाचा कसा, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. त्याचा आपल्याकडील इतिहास पाहावयाचा तर नव्या मोटारसायकलीच्या खरेदीइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. दूरच्या प्रवासाची मोटारसायकल म्हणजे माझ्यासारख्या शाळामास्तराचा कित्येक महिन्यांचा पगार. तेथे भाव चुकला तर तो नुसता खिशाला नव्हे, घराला लागतो.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या जुन्या शेतमाल बाजारात ‘हत्ता’ नावाची रीत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालीत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि सौदा होई. ज्याचा माल तो शेतकरी मात्र शेजारी उभा राहून रुमालाकडे पाही. १९२८ साली शाही शेती आयोगाने आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला. मुंबई प्रांतात १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला आणि उघड लिलावाची वाट मोकळी झाली. उघड लिलावाने दोन गोष्टी दिल्या. भाव सर्वांच्या कानांवर पडू लागला, आणि तो न पटल्यास ‘नाही’ म्हणण्याची सोय झाली. माझ्या मते वाजवी भावाचे सारे मर्म या दोन गोष्टींत आहे. बोलण्याची चतुराई त्यांच्या मागून येते.

मोटारसायकलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी मिळावयास फार काळ लागला. १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखान्यांवर परवान्याचे बंधन आले. कोणी काय आणि किती बनवावे, हे सरकार ठरवू लागले. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड कंपनी निघाली आणि सुटे भाग जोडून बुलेट तयार होऊ लागली. १९६१ साली म्हैसूरहून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या. राजदूतही आली. पण मोटारसायकल म्हटली की नावे एवढीच. स्कूटरची ओढाताण तर याहून मोठी. तिच्या वाटपावर आणि विक्रीवर १९६० च्या हुकुमाने नियंत्रण आले. बजाजची चेतक १९७२ साली आली, आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांचा नंबर मात्र लवकर लागे. जावयाला स्कूटर देण्याच्या मागण्या लग्नाच्या याद्यांत शिरल्या, त्या याच काळात.

माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले, तेव्हा माझा जन्म व्हावयाचा होता. नंबर लागला तेव्हा मी बालवर्गात होतो. गाडी घेऊन ते दुकानाच्या पायऱ्या उतरतात तोच एका गृहस्थाने छापील किमतीवर काही हजार अधिक देऊ केले. वडिलांनी गाडी दिली नाही. आई म्हणाली, “अहो, निदान आकडा तरी पुरता ऐकून घ्यायचा!” त्या ‘वरच्या’ पैशांचा भाव सगळ्या गावाला ठाऊक होता, पण पावतीवर तो कधीच येत नसे. म्हणजे रुमाल पुन्हा आलाच! दुकानदाराशी घासाघीस करण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, त्याने कसली घासाघीस करावी?

बदल झाला तो १९८४ नंतर. सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी या जपानी नावांच्या जोड्या देशी कंपन्यांशी जमल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली. १९९१ च्या उद्योग धोरणाने बहुतेक परवान्यांची बेडी काढली. आता गाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहू लागल्या, आणि प्रथमच आपल्या मनुष्याला ‘विचार करून सांगतो’ असे म्हणून दुकानातून बाहेर पडता येऊ लागले.

मग आज रुमाल उरला नाही काय? उरला आहे, तो किमतीच्या कागदात आहे. पाटीवरच्या किमतीत वस्तू व सेवा कर धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर तो १८ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के आहे. मूळ किंमत दोन लाख धरली, तर पहिलीवर ३६ हजार आणि दुसरीवर ८० हजार कर झाला. हिमालयात जाण्यासाठी इंजिन मोठे हवे की नको, हे ठरवताना हे ४४ हजार डोळ्यांपुढे असावेत. या करावर किंवा नोंदणीच्या पैशांवर दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही; ते सरकारचे आहेत. नव्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाचा पाच वर्षांचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा झाला, आणि त्याचा दरही ठरवून दिलेला असतो.

घासाघीस करावयाची ती याच्या पलीकडे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कोणत्याही कंपनीकडून घेता येतो. दुकानातल्याच कंपनीचा घेतला पाहिजे असे नाही. सामानाच्या पेट्या, संरक्षक नळ्या, जादा हमी, आणि ‘हँडलिंग’ नावाने लावलेली रक्कम, यांतील प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागावी. दोन दुकानांतून असे कागद आणले, की पुष्कळ बोलणे वाचते. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हेही विचारावे. डिसेंबरची गाडी जानेवारीत विकली, तरी नोंदीत ती गेल्याच वर्षाची असते आणि पुढे विकताना तेवढी उतरते. आणखी एक. पाडव्याचा मुहूर्त साधावयाचा असेल तर भाव आठ-पंधरा दिवस आधी ठरवून कागदावर घ्यावा. त्या दिवशी पेढे वाटण्यात गुंतलेल्या दुकानदाराला तुमची गरज नसते, आणि घरची मुले हार घेऊन उभी असल्यामुळे तुम्हालाही उठून जाता येत नाही.

मात्र दुकानदाराला पार पिळून काढणे म्हणजे वाजवी भाव नव्हे. ज्याच्याकडे पुढची दहा वर्षे गाडी दुरुस्तीला न्यावयाची, त्याच्या घरीही दिवाळी असते. ज्या किमतीतील प्रत्येक आकडा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवता येतो, तीच किंमत वाजवी असे मी म्हणेन.