लाँग वीकेंडची तीर्थयात्रा

आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली आहे. पहिल्या महिन्यात नायगारा झाला, लिबर्टीचा पुतळा झाला, मॉल तर विचारूच नका. मग एका शनिवारी पोहे खाता खाता म्हणाली, "अरे, इथली देवळं कधी दाखवणार?"

आमच्या कॉम्प्लेक्समधले एक काका दरवर्षी लेबर डेच्या वीकेंडला बस काढतात. तीन दिवस, तीन देवळं, एक आश्रम. काका १९७२ साली इंजिनियर म्हणून आले, आता रिटायर्ड आहेत आणि बसच्या बाबतीत अत्यंत कडक आहेत (सकाळी सहा म्हणजे सहा!). मी आईचं आणि माझं नाव दिलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुला वाचायची आवड आहे ना? मग बसमध्ये माईकवर माहिती तू सांगायची. दरवर्षी मीच बोलतो, लोक झोपतात."

झालं. पुढचे तीन वीकेंड मी लायब्ररीत आणि गूगलवर घालवले. वाटलं होतं, देवळांचा इतिहास म्हणजे अमुक साली भूमिपूजन, तमुक साली प्रतिष्ठापना, संपलं. पण निघालं भलतंच.

पहिला मुक्काम फ्लशिंगचा गणपती. खरं तर आम्हाला जायचं होतं पश्चिमेला आणि फ्लशिंग पूर्वेला, पण शुभकार्याची सुरुवात गणपतीनेच व्हायला हवी यावर चाळीस लोकांचं एकमत. (तळघरातल्या कँटीनमधला डोसा हे दुसरं कारण. ते कोणी बोलून दाखवलं नाही.)

हे देऊळ ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव बाउन स्ट्रीट. जॉन बाउन हा इथला सतराव्या शतकातला रहिवासी. तेव्हा न्यूयॉर्क डचांच्या ताब्यात होतं आणि गव्हर्नर स्टायव्हेसंटने क्वेकर पंथाच्या लोकांना आसरा देण्यावर बंदी घातली होती. १६५७ मध्ये फ्लशिंगच्या तीस गावकऱ्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. गंमत म्हणजे सही करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. पुढे १६६२ मध्ये बाउनने स्वतःच्या घरात क्वेकरांची प्रार्थना होऊ दिली म्हणून त्याला पकडून हद्दपार केलं. तो थेट हॉलंडला जाऊन कंपनीपुढे भांडला, आणि कंपनीने गव्हर्नरला कळवलं की बाबा, लोकांना त्यांच्या देवावर सोड. बाउनचं घर त्याच रस्त्यावर आजही उभं आहे. आणि त्याच रस्त्यावर, एका जुन्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या जागी, ४ जुलै १९७७ ला गणपतीची प्रतिष्ठापना झाली. पुढाकार संयुक्त राष्ट्रसंघात काम करणाऱ्या अळगप्पा अळगप्पन यांचा. २०२२ मध्ये रस्त्याच्या त्या तुकड्याला गणेश टेंपल स्ट्रीट असं जोडनाव मिळालं.

हे सगळं माईकवर सांगितलं तर बसमध्ये चक्क टाळ्या पडल्या! आईने मागे वळून सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू बाउनला हॉलंडहून मीच सोडवून आणलं.

पण १९७७ च का? आपले लोक त्याआधी नव्हते का अमेरिकेत? होते, पण मूठभर. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा दिला होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी लिबर्टीच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली. मग डॉक्टर, इंजिनियर येऊ लागले. आधी नोकरी, मग गाडी, मग घर, मग मुलं. मुलं शाळेतून ख्रिसमसची गाणी म्हणत घरी आली की देऊळ. साधारण दहा वर्षांचा हिशोब आहे हा. काका मध्येच ओरडले, "बरोब्बर! आमचं अगदी असंच झालं!"

पिट्सबर्गला पोहोचेपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर. टेकडीवर पांढरंशुभ्र, हायवेवरून दिसणारं. हेही १९७६-७७ चंच, आणि तिरुपती देवस्थानने मदत केलेलं. इथल्या पहिल्या पिढीने एक फार सुंदर गोष्ट केली. पिट्सबर्गमध्ये अलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या मिळून ओहायो नदी होते. त्या संगमावर एक मोठं कारंजं आहे, त्याचं पाणी जमिनीखालच्या प्रवाहातून येतं. मग काय! दोन नद्या वर, तिसरी गुप्त. देवळाच्या लोकांनी लिहून टाकलं की हा तर प्रयागचा त्रिवेणी संगम आणि वेंकटेशाला याहून योग्य जागा ती कुठली! मला आधी हसू आलं. मग वाटलं, आपल्याकडे तरी दक्षिण काशी म्हणवून घेणारी गावं कमी आहेत का? वाईपासून पैठणपर्यंत सगळ्यांनी हेच केलं. जिथे राहायचं ती जागा आपली करून घ्यायची ही जुनीच रीत.

तिथून काही मैलांवर मनरोव्हिलचं हिंदू-जैन मंदिर. एकाच गावाला दोन देवळं का, हा प्रश्न आईनेच विचारला. उत्तर अगदी मराठी मंडळाला शोभेल असं आहे. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एकच जागा घेतली होती. मग सगळ्या देवांचं एकत्र देऊळ बांधायचं की तिरुपतीच्या धर्तीवर शास्त्रोक्त, यावरून मतभेद झाले आणि दोन गट वेगळे झाले. एकाने तिरुपती आणला, दुसऱ्याने राधाकृष्णाशेजारी महावीर बसवला. आज लोक दोन्हीकडे जातात. असो.

आणि मग न्यू वृंदावन. पिट्सबर्गहून दीड तास, वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिल गावाजवळच्या डोंगरात. रस्ता अरुंद, फोनला रेंज नाही, आणि वळण घेतलं की समोर अचानक सोनेरी घुमट. बसमधून 'अरे वा!' असा सामुदायिक आवाज आला. काकांनी माईक माझ्या हातात दिला.

इथपर्यंत मी जे सांगत आलो होतो त्यात अडचणीचं काही नव्हतं. इथे होतं.

जे सांगितलं ते असं. त्या १९६५ च्या कायद्यावर सही होण्याच्या सोळा दिवस आधी, १७ सप्टेंबरला, 'जलदूत' नावाचं मालवाहू जहाज बॉस्टनला लागलं. त्यात ६९ वर्षांचे एक संन्यासी होते, भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद. जहाज मुंबईच्या सिंधिया कंपनीचं, तिकीट कंपनीच्या सुमती मोरारजींनी फुकट दिलेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये इस्कॉन सुरू झालं. त्यांच्या पहिल्या अमेरिकन शिष्यांपैकी कीथ हॅम, म्हणजेच कीर्तनानंद, आणि त्याचा मित्र हॉवर्ड व्हीलर, म्हणजे हयग्रीव, यांनी १९६८ मध्ये इथली जमीन ९९ वर्षांच्या कराराने घेतली. वीज नाही, नळ नाही, चिखलाचा रस्ता. गुरूंसाठी घर बांधू म्हणून काम सुरू झालं. बांधणारी मुलं विशीतली, कोणालाच बांधकाम येत नव्हतं. पुस्तकं वाचून संगमरवर कापायला शिकली, रंगीत काचेचे मोर बनवले, २२ कॅरट सोन्याचा वर्ख चढवला. ते पूर्ण व्हायच्या आत १९७७ मध्ये प्रभुपाद गेले. मग घराचं स्मारक झालं आणि २ सप्टेंबर १९७९ ला, लेबर डेच्याच वीकेंडला, लोकांसाठी उघडलं.

टाळ्या. सगळे उतरले.

जे सांगितलं नाही ते असं. कीर्तनानंद इथला सर्वेसर्वा झाला. १९८३ मध्ये इथल्याच एका भक्ताचा खून झाला. १९८६ मध्ये त्याच्यावर उघड टीका करणाऱ्या एका माजी भक्ताला लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या घातल्या. दोन्ही खुनांसाठी इथलाच एक माणूस दोषी ठरला. १९८७ मध्ये इस्कॉनने कीर्तनानंदला काढलं, वर्षभरात अख्ख्या आश्रमालाच बाहेर केलं. १९९० मध्ये केंद्र सरकारने त्याच्यावर खटला भरला. खुनाच्या कटाचा आरोप होता, आणि बेसबॉल टीम आणि कार्टूनची चिन्हं परवानगीशिवाय छापलेल्या टोप्या-स्टिकर विकून एक कोटी डॉलरहून जास्त जमवल्याचाही. पहिली शिक्षा अपिलात रद्द झाली. १९९६ मध्ये फेरखटल्यात त्याने खंडणी-फसवणुकीच्या कायद्याखालचा एक गुन्हा कबूल केला, खुनाचा कट मात्र शेवटपर्यंत नाकारला. २००४ मध्ये सुटला, २००८ मध्ये भारतात आला, आणि २४ ऑक्टोबर २०११ ला वारला. कुठे? ठाण्यात. आमच्या ठाण्यात!

या मधल्या वर्षांत बरेच अमेरिकन भक्त सोडून गेले. १९९८ मध्ये इस्कॉनने आश्रमाला परत घेतलं. तोवर देवळाला माणसं आणि देणग्या कोणाच्या होत्या? शनिवार-रविवारी गाड्या भरून येणाऱ्या आपल्या लोकांच्या. हिप्पी मुलांनी बांधलेला आश्रम १९६५ च्या कायद्याने आलेल्या डॉक्टर-इंजिनियरांनी चालू ठेवला. सोळा दिवसांच्या अंतराने निघालेले दोन रस्ते या डोंगरात येऊन मिळाले, असं मला तरी वाटतं.

संध्याकाळच्या आरतीला आई अगदी पुढे उभी होती. राधा-वृंदावनचंद्राची मूर्ती खरंच देखणी आहे. आईने पर्समधून शंभर डॉलर काढून पेटीत टाकले. ती कधी दहाच्या वर टाकत नाही. माझ्या पोटात गोळा आला.

रात्री तळ्याकाठी, गौर-निताईच्या त्या उंच मूर्तींजवळ, तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माईकवर का नाही सांगितलंस?"

"लोक दर्शनाला आलेत आई. मूड गेला असता."

"आणि माझा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॉसला डेमो दाखवताना माहीत असलेला बग लपवतो तेव्हा जसं वाटतं तसं वाटलं, फक्त जास्त.

मागून काका आले. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता चिडणार. तर शेजारच्या बाकावर बसून म्हणाले, "मला माहीत आहे रे. मुलं लहान असताना आम्ही दर उन्हाळ्यात यायचो. मग पेपरात यायला लागलं. सात-आठ वर्षं पाऊल ठेवलं नाही."

"मग परत का आलात?"

"हिचा हट्ट," काकूंच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले. "म्हणाली, गुन्हा त्या माणसाने केला, मूर्तीने नाही. आणि पहाटे उठून तिला आंघोळ घालणारी माणसं होतीच की इथे, एवढं सगळं होऊनही. मला पूर्ण पटलेलं नाही अजून. पण बस काढतो." थोडं थांबून, "दरवर्षी माईकवर हा भाग मीही गाळतो. म्हणूनच यंदा तुला दिला."

सोमवारी परतीला टर्नपाइकवर सायडलिंग हिलला चहा झाला. बस सुटल्यावर मी माईक मागितला. निम्मी बस झोपली होती, तरी सगळं सांगितलं, टोप्यांपासून ठाण्यापर्यंत. टाळ्या पडल्या नाहीत. एक बाई म्हणाल्या की हे जाताना सांगायला हवं होतं, एक काका म्हणाले की सांगायलाच नको होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. मागच्या सीटवरून पाचपाखाडीच्या एक आजी उठल्या, दांडा धरत धरत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ठाण्यात कुठे रे?"