पोरगं धांदरट आहे की एडीडी?

दारव्ह्यात हातून गिलास सांडला की पोरगं ‘धांदरट’ ठरतं. पण एडीडी, म्हणजे आताच्या भाषेत एडीएचडी, असलेल्या सुमारे ३० ते ५० टक्के मुलांना हालचालींचा मेळ जमवणंही जड जातं. याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. लक्ष नव्हतं म्हणून सांडणं वेगळं. पूर्ण लक्ष देऊनही शर्टाचं बटण न लागणं, सायकलचा तोल न सावरणं वेगळं. तिथं ओरडून काही होत नाही, ऑक्युपेशनल थेरपी लागते.

गंमत म्हणजे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, एडीएचडीचं नाही! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत मात्र एडीएचडी आहे. या कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत आलं की बटण-सायकलचंही सांगा. पुढचे उपचार मोफत असतात.