भिवपुरीची वीज आणि दोन नद्या

भिवपुरीच्या वीजघराचा इतिहास नेहमी मुंबईच्या बाजूने लिहिला जातो. टाटांची वीजघरे १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला सुरू झाली आणि गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याची वीज मिळाली. ते थोर काम होते, यात शंका नाही. पण दहिवली-कर्जतच्या मुलखातून पाहिले तर त्याच इतिहासात आणखी दोन पात्रे दिसतात. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी इंद्रायणीला आणि पुढे भीमेला मिळते. तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचे. ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवले, डोंगर पोखरून पश्चिमेला वळवले आणि जनित्रे फिरवून झाल्यावर पेज नदीत सोडले. पेजेतून ते उल्हासात जाते. एकीचे पाणी तोडले, दुसरीला जोडले. गिरण्यांचा हिशेब चोख राहिला, नद्यांचा मांडलाच गेला नाही.

यावर कर्जतचा शेतकरी म्हणेल, आमचे तर भलेच झाले. ते खोटे नाही. याच अवजलावर राजनाला कालवा चालतो, उन्हाळी भात पिकतो, आणि खाली उल्हासच्या काठची शहरे पाणी पितात. पण बारमाही पाणी म्हणजे जिवंत नदी नव्हे. कोकणातली नदी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात डोहाडोहांनी उरते, आणि तिच्यातले जीव याच चक्रावर जगतात. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर मासे अंडी घालायला ओढ्यांतून शेतांपर्यंत चढतात, ती वलगण. वीजघराचे पाणी मात्र मृगाची वाट पाहत नाही. मुंबईची मागणी वाढली की ते वाढते, उतरली की उतरते. एका दिवसात चढणाऱ्या आणि ओसरणाऱ्या पाण्यात काठालगतची अंडी उघडी पडतात, तळाचे किडे वाहून जातात. आणि धरणाखालच्या आंध्रेचे नुकसान तर कर्जतच्या कोणत्याही पिकाने भरून निघत नाही.

आज लघुजलविद्युत निरुपद्रवी मानली जाते. २५ मेगावॉटखालच्या प्रकल्पाला २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही. भिवपुरीची क्षमता ७५ मेगावॉट. तेच पाणी चार छोट्या वीजघरांत वाटले असते तर कागदावर चारही लघु ठरली असती. आंध्रेला मात्र थेंबही जास्त मिळाला नसता. कोळशापेक्षा ही वीज स्वच्छ, हा आक्षेप मला मान्य आहे. धूर नाही एवढे त्यातून सिद्ध होते, नदीला इजा नाही हे नव्हे. म्हणून मंजुरीची कसोटी मेगावॉट नसावी. धरणाखाली किती पाणी उरते, आणि खालच्या नदीत ते कोणत्या वेळी, किती वेगाने सोडले जाते, हे आधी विचारावे. आणि भिवपुरीच्या विसर्गाच्या वेळा पेज-उल्हासच्या काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावाव्यात.