करपल्याचा पहिला वास

आजचा विषय 'बर्नआउट' असा जाहीर झालेला आहे. या शब्दाला मराठीत काय म्हणावं, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा आम्ही 'करपणं' हा शब्द सुचवला. भात करपतो तेव्हा वरची शितं पांढरीशुभ्रच असतात. करपतं ते बुडाशी, आणि डोळ्यांना काही दिसण्याआधी वास येतो. हा वास माणसांना पूर्वी कधी आला, त्यांनी त्याला काय नाव दिलं, आणि त्या नावामुळे दोष कुणाच्या पदरी पडला, एवढं आज आपण पाहू.

सुरुवात करू चौथ्या शतकातल्या इजिप्तपासून. नाईलच्या मुखाच्या पश्चिमेला, वाळवंटात, केल्लिया नावाची ख्रिस्ती संन्याशांची वस्ती होती. तिथे एव्हाग्रियस नावाचा विद्वान संन्यासी राहत असे, तो इ.स. 399 मध्ये वारला. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधला मानमरातब सोडून तो इथे आला होता. संन्याशाच्या मनाला काय काय ग्रासतं, हे त्यानं बारकाईनं टिपून ठेवलं. त्यात एका अवस्थेला त्यानं 'अकेडिया' म्हटलं. ग्रीक भाषेत याचा मूळ अर्थ आस्था उरलेली नसणं.

तिचं वर्णन ऐका. ती सकाळी दहाच्या सुमारास येते आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडते. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. सोबत्यांमध्ये आता प्रेमच उरलं नाही, अशी खात्री पटते. नुकतंच कुणी दुखावलं असेल तर ते पुन्हा पुन्हा आठवतं. शेवटी वाटतं, दुसरीकडे कुठे तरी गेलो तर सगळं ठीक होईल.

बघा, या यादीत निव्वळ थकव्यापेक्षा काही वेगळं आहे. वेळेकडे, जागेकडे आणि माणसांकडे बघण्याची नजर बदलली आहे. शिवाय हे ज्याला होतंय, तो कामचुकार नाही. सर्वस्व सोडून, आपखुशीनं तिथे आलेला माणूस आहे तो.

आपल्याकडे पतंजलींनी योगमार्गातले नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत व्याधी, स्त्यान म्हणजे चित्ताचा जडपणा, संशय, आळस ही सगळी मंडळी आहेत. त्यांच्या जोडीनं येणाऱ्या गोष्टींत खिन्नता, अंगाचा कंप, श्वासाची अनियमितता यांचाही उल्लेख येतो. म्हणजे मन थबकल्याचं शरीर सांगतं, हे इथेही ठाऊक होतं. अर्थात योगसूत्रांतला साधक आणि आजचा नोकरदार एकच, असं आम्ही म्हणत नाही. पण पतंजलींचा शब्द अडथळा असा आहे, पाप असा नाही, हे लक्षात ठेवा.

कारण युरोपात नेमकं उलट झालं. एव्हाग्रियसचे विचार कॅशियननं पाचव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये नेले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं प्रमुख दुर्गुणांची यादी नव्यानं लावली, तीत अकेडिया खिन्नतेत विरून गेली. पुढे सात महापापांत तिच्या जागी आळस येऊन बसला. आळशाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं काय दुखतंय? त्याला फक्त रागावतात.

1869 मध्ये अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरनं 'न्यूरॅस्थेनिया' हे निदान पुढे आणलं: मज्जासंस्थेची शक्ती संपणं. 1881 च्या पुस्तकात त्यानं वाफेचं यंत्र, तारायंत्र, वृत्तपत्रं यांना जबाबदार धरलं. पापाचा आजार झाला, ही प्रगतीच. पण उपाय रुग्णावरच होत राहिले.

आता 1974. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसा आपला व्यवसाय करत आणि रात्री एका मोफत दवाखान्यात राबत. तिथले स्वयंसेवक आणि ते स्वतःही कोसळू लागले, तेव्हा त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि 'बर्नआउट' हा शब्द रूढ झाला. त्यांनी नोंदलेली लक्षणं फार साधी आहेत. सर्दी हटत नाही, डोकं दुखतं, पोट बिघडतं, झोप येत नाही. चटकन राग येतो, संशय वाढतो, कुठलाही बदल सुचवला की नकोच वाटतो. आणि माणूस कामावर जास्त तास बसतो, पण काम कमी होतं. याला जास्त बळी पडतात ती मनापासून झटणारी माणसं, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे केल्लियाचाच माणूस!

पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाचा बोजा, हातात असलेलं नियंत्रण, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं या सहा बाजू तपासायला शिकवलं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटची व्याख्या कामाच्या संदर्भातच केली, त्याला आजार म्हटलं नाही. सोळा शतकांनंतर बोट माणसावरून चुलीकडे वळलं.

आम्ही शिकवत होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. एका वर्षी विद्यार्थ्यानं तासाला शंका विचारली की आम्हाला राग येऊ लागला. ज्या शंकांसाठी आम्ही तत्त्वज्ञानाकडे आलो, त्याच नकोशा झाल्या होत्या. आम्ही म्हणायचो, हल्लीची मुलंच तशी. हे आमच्याबद्दलचं लक्षण आहे, हे घरच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्याचं नाक सरावतं. वास बाहेरून येणाऱ्याला आधी येतो.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या माणसांना एवढंच विचारा: आमच्यात काही बदल वाटतो का? 'हल्ली तुम्ही कुणाबद्दल चांगलं बोलत नाही,' असं उत्तर आलं, तर रागावू नका. आणि तुमच्या हाताखालचा एखादा गुणी माणूस असा कडवट होऊ लागला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी आच किती आहे ते बघा. ती कमी करणं त्याच्या हातात नसतं, बहुधा तुमच्या असतं.